फ्युचुरामाचा 'जुरासिक बार्क' भाग: फ्रायनं सीमोरला परत आणायला हवं होतं का?

पंचगंगाकाठ | शनिवार, रात्री ११.५२

मंडळी, आधीच सांगतो, खाली सगळी गोष्ट फोडली आहे. बघायचा असेल तर आधी बघून या, वीस-बावीस मिनिटांचा भाग आहे.

आज जेवणं उरकून अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन फ्युचुरामा बघत बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅट ग्रोनिंगची ही विज्ञानकथेवरची विनोदी कार्टून मालिका, १९९९ साली सुरू झालेली. न्यूयॉर्कात पिझ्झा पोचवणारा फ्राय ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री गोठवणपेटीत पडतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. एरवी पोट धरून हसायचा कार्यक्रम. लेक तर बेंडर रोबोवर जीव टाकते.

आजचा भाग २००२ सालचा. फ्रायचं जुनं पिझ्झाचं दुकान संग्रहालयात मांडलेलं असतं आणि तिथं त्याला आपलाच कुत्रा, सीमोर, दगड झालेला दिसतो. तो मिळावा म्हणून फ्राय दारात तीन दिवस नाचत आंदोलन करतो. मालिकेतले शास्त्रज्ञ प्रोफेसर म्हणतात, ह्याच्यापासून पुन्हा तसाच कुत्रा उभा करतो, स्वभावासकट. सगळं जमत आलेलं असताना कळतं की सीमोर पंधराव्या वर्षी गेला. फ्राय हिशेब घालतो. मी गेलो तेव्हा तो तीन वर्षांचा, म्हणजे माझ्यामागं बारा वर्षं जगला. भरपूर जगला, मला केव्हाच विसरला असणार. आणि तो काम थांबवायला लावतो.

मग शेवटचं मिनिट. दुकानाच्या दारात सीमोर बसलाय. पानं गळतात, बर्फ पडतं, ऊन येतं, दुकानाचा मालक म्हातारा होत जातो, कुत्रा जागचा हलत नाही. शेवटी खाली पडून डोळे मिटतो. संपला भाग.

लेक काही न बोलता उठून गॅलरीत गेली. थोड्या वेळानं तिथनंच म्हणाली, "त्याला कुणीतरी सांगा की." मी रडलो.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्राय चुकला. आणि आपल्याला सगळं दाखवून त्याला मात्र काहीच कळू न देणं हा लिहिणाऱ्यांनी केलेला अन्याय आहे. तुमचं काय मत?

कटवडा_एक्स्ट्रा | शनिवार, रात्री ११.५८

दोनदा बघायला बसलोय. दोन्ही वेळा शेवटचं मिनिट पुढं ढकललं. माझ्याच्यानं होत नाही, भावा.

शनिवारपेठी | रविवार, रात्री १२.२०

पंचगंगाकाठ दादा, असहमत. फ्रायला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर त्यानं घेतलेला निर्णय प्रेमाचाच आहे. आपल्याला हवं म्हणून एखाद्याला ओढून परत आणायचं नाही, त्याचं आयुष्य त्याचं, एवढं त्याला कळलं. एरवी हा पोरगा किती स्वार्थी आणि आळशी दाखवलाय ते आठवा, म्हणजे त्या निर्णयाची किंमत कळेल.

आणि पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणं ही तर नाटकाची जुनीच रीत. त्यात अन्याय कसला? २००३ साली हा भाग टीव्हीच्या एमी पुरस्काराच्या नामांकनात होता. बक्षीस 'सिम्पसन्स' ह्या दुसऱ्या कार्टून मालिकेच्या एका भागाला गेलं. तो भाग मला आज आठवतही नाही आणि सीमोर मात्र इतक्या वर्षांनी डोळ्यांसमोरून हलत नाही.

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री १२.३१

दादा न्हाई, ताई. कोल्हापुरात आम्ही बायकाही 'आलो, गेलो, रडलो'च म्हणतो. :)

निर्णय प्रेमाचा होता हे मान्य. पण प्रेमाचा निर्णय चुकीचा असू शकत नाही का?

शनिवारपेठी | रविवार, रात्री १२.३४

क्षमस्व ताई! माझी आत्तेबहीण कागलला दिलेली आहे, तीही असंच बोलते. लक्षात यायला हवं होतं.

राजारामपुरी_नववी_गल्ली | रविवार, सकाळी ८.०५

मी थोडं विरोधात बोलतो. कुत्रं दाखवून रडवणं सोपं असतं. ह्याच मालिकेनं भावाच्या गोष्टीत ते जास्त मेहनतीनं केलंय. २००१ चा 'लक ऑफ द फ्रायरिश' आठवा. फ्रायला वाटत असतं की आपला भाऊ यान्सीनं आपलं नशिबाचं सात पानांचं क्लोव्हरचं रोपटं चोरलं, आपलं नावसुद्धा चोरलं. शेवटी थडग्यावरची शेवाळ पुसल्यावर कळतं की भावानं हरवलेल्या फ्रायची आठवण म्हणून आपल्या पोराला त्याचं नाव दिलं होतं. तिथं रडू येतं ते फ्रायबरोबर. त्याला कळतं आणि त्याच क्षणी आपल्यालाही कळतं. इथं मात्र तो बाजूला राहतो आणि आपण एकटेच रडतो. माझ्या मते तो भाग वरचढ.

पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी ८.४०

मला टोचतंय ते नेमकं हेच, बरं झालं तुम्ही शब्दांत सांगितलं. एकट्यानं रडायला लावलं.

गोठ्यातला_डॉक्टर | रविवार, सकाळी ९.१५

पशुवैद्य म्हणून चार शब्द.

हा भाग आला तेव्हा जगात एकही क्लोन केलेला कुत्रा नव्हता. पहिला जन्मला २००५ साली, दक्षिण कोरियात सोलच्या विद्यापीठात, नाव स्नपी. त्यासाठी १०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या गर्भाशयांत सोडले होते. मेंढी, गाय ह्यांच्या मानानं कुत्र्याचं काम फार अवघड, कारण कुत्रीचं बीजांड बाहेर पडतं तेव्हा अजून कच्चं असतं आणि ती माजावर येते वर्षातनं एकदा-दोनदा. आपल्याकडं कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं २००९ साली 'गरिमा' ही रेडी क्लोनिंगनं जन्माला घातली. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या मंडळींना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दूध तेवढंच देती काय?"

प्रश्न अगदी योग्य आहे. क्लोन म्हणजे फक्त तीच जनुकं. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिली क्लोन मांजर जन्मली, तिच्या अंगावरचे रंगसुद्धा मूळ मांजरीशी जुळले नाहीत. आठवणी तर जनुकांत येतच नाहीत. मालिकेतल्या प्रोफेसरांनी स्वभाव परत आणतो म्हटलं, ती कल्पनेची भरारी. खऱ्या जगात फ्रायच्या हातात एक अनोळखी पिल्लू आलं असतं, सीमोरच्या चेहऱ्याचं. दवाखान्यात लोक म्हातारं कुत्रं टेबलावर ठेवून मला विचारतात, "डॉक्टर, ह्याच्यासारखंच दुसरं मिळेल का?" मी सांगतो, दुसरं मिळेल, ह्याच्यासारखं नाही.

म्हणून माझं मत फ्रायच्या बाजूनं. कारण मात्र त्यानं दिलं त्याहून वेगळं.

काळा_फत्तर | रविवार, सकाळी १०.०२

डॉक्टरांनी जीवशास्त्र सांगितलं, मी दगडाचं सांगतो. फ्रायचा दोस्त बेंडर मत्सरापोटी सीमोरला लाव्हात फेकतो, तेव्हा प्रोफेसर म्हणतात की घाबरू नका, ह्यात डोलोमाइट आहे, लगेच वितळणार नाही. मग बेंडर आपण चाळीस टक्के डोलोमाइटचे आहोत म्हणून स्वतः उडी मारून त्याला बाहेर काढतो.

डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कार्बोनेट. तो धड वितळतही नाही, तापला की कार्बन डायऑक्साइड सोडून फुटतो. आपल्या कोल्हापूरच्या पायाखाली जो बेसाल्ट, म्हणजे काळा फत्तर आहे, तसल्या दगडाचा लाव्हा वर येताना अकराशे-बाराशे अंश सेल्सियस असतो, त्यात डोलोमाइटचा टिकाव लागत नाही. दुसरं म्हणजे हजार वर्षांत हाडांचा असा दगड एरवी होत नाही. पण तिथं लिहिणाऱ्यांना दाद दिली पाहिजे. हा कुत्रा फार झपाट्यानं दगड झालाय असं त्यांनी प्रोफेसरांच्या तोंडी मुद्दाम घातलंय. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

कटवडा_एक्स्ट्रा | रविवार, सकाळी १०.०९

बेंडर ४० टक्के डोलोमाइट, कोल्हापूरचा माणूस ४० टक्के तांबडा, ४० टक्के पांढरा.

मंगळवारातला_मी | रविवार, सकाळी १०.११

उरलेलं २० टक्के?

कटवडा_एक्स्ट्रा | रविवार, सकाळी १०.१२

कांदा-लिंबू.

प्रमेय_आणि_पोहे | रविवार, सकाळी ११.२६

मी महाविद्यालयात गणित शिकवते, त्यामुळं ही मालिका मला वेगळ्याच कारणानं प्रिय. लिहिणाऱ्यांतले केन कीलर गणितात पीएच.डी. आहेत. २०१० च्या 'प्रिझनर ऑफ बेंडा' भागात सगळ्यांची मनं एकमेकांच्या शरीरांत जातात आणि एकदा अदलाबदल झालेली जोडी थेट परत फिरू शकत नाही. कीलर यांनी त्यासाठी खरोखरचं प्रमेय सिद्ध केलं: कितीही गोंधळ झालेला असो, नवीन दोन माणसं मदतीला आली की सगळे आपापल्या जागी जातात. सिद्धता पडद्यावर फळ्यावर लिहिलेली आहे. ती मी वर्गात सोडवून दाखवते. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही काढतात.

आता धाग्यावर येते. फ्रायचा हिशेब 'पंधरा वजा तीन बरोबर बारा' हा अगदी बरोबर आहे. चूक पुढच्या पायरीत आहे. बारा वर्षं जगला, ह्यावरून विसरला असा निष्कर्ष निघतच नाही. तो पुरावा नाही, तो त्याचा अंदाज आहे. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी समासात 'का?' लिहिलं असतं.

शनिवारपेठी | रविवार, दुपारी १२.४५

प्रमेयताई, 'का?' आवडलं. पण माणूस दुःखात असताना समास कुठून आणणार?

वाडीचा_प्रसाद | रविवार, दुपारी २.३०

नृसिंहवाडीला दत्तापुढं हात जोडतो तेव्हा तसबिरीतल्या पायाशी चार कुत्री असतातच. आमची आजी म्हणायची, ते चार वेद. मला लहानपणापासून ती कुत्रीच वाटायची, आणि देवाला तीच जवळ हवी असतात ह्याचं फार बरं वाटायचं.

महाभारतातला शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. भावंडं पडली, द्रौपदी पडली, धर्मराजामागं कुत्रं तेवढं उरलं. इंद्र रथ घेऊन आला, म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मीही येत नाही, माझ्यावर विसंबून आलेल्याला मी सोडणार नाही. कुत्रं एवढी वाट चालून आलं, मग धर्मराजाला वेगळा हिशेबच घालावा लागला नाही. फ्राय तिथं कमी पडला असं मला वाटतं.

आणि कुत्र्याच्या आठवणीचं म्हणाल तर चार्ल्स डार्विननं हे घरीच करून बघितलं होतं. पाच वर्षं आणि दोन दिवसांनी परतल्यावर गोठ्याजवळ उभा राहून नेहमीची हाक मारली, तर कुत्रं जसं अर्ध्या तासापूर्वीच भेटला असावा तसं निघालं त्याच्या मागनं. १८७१ च्या पुस्तकात त्यानं हे लिहून ठेवलंय.

जपानी_चहा | रविवार, दुपारी २.५५

हाचिकोचं नाव अजून कसं आलं नाही? टोकियोच्या शिबुया स्टेशनवर १९२५ पासून १९३५ पर्यंत तो मेलेल्या मालकाची वाट बघत होता. त्याचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ साली, बसवला. सीमोरची बारा वर्षं त्याहून जास्त.

राजारामपुरी_नववी_गल्ली | रविवार, दुपारी ३.२०

हाचिको खरा होता, म्हणून तो मला पचतो. सीमोरला कुणा लिहिणाऱ्यानं टेबलापाशी बसून वाट बघायला लावलं. माझा आक्षेप तेवढाच.

चिखलीकर | रविवार, संध्याकाळी ६.४०

मी ही मालिका बघितलेली नाही. पोरानं हा धागा वाचून दाखवला, म्हणून मग भाग लावला आणि आत्ता बघून उठलो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटाला धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या घरात पहिल्यांदा पाणी आलं ते मागच्या दारानं, चुलीखालनं. तासाभरात गुडघ्याला लागलं. जनावरं आदल्या दिवशीच वर नेऊन बांधली होती, ते एक देवानं बरं केलं. बोट आली तेव्हा बोटवाले म्हणाले, आधी माणसं. आई, बायको, दोन पोरं, आम्ही बापलेक. कुत्र्याला जागा नव्हती.

वडिलांनी त्याला जिन्यानं स्लॅबवर नेलं. भाकरीची बुट्टी ठेवली, वर पत्र्याचा तुकडा आडवा लावला. बांधलं नाही, बांधलं तर बुडंल म्हणून. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हितंच थांब, आलोच." त्या भागात ती गोठायची रात्र दाखवतात आणि ते पोरगं कुत्र्याला थांब म्हणून सांगून जातं, तिथं मी टीव्ही बंद केला. पाणी पिऊन आलो, मग पुढचं बघितलं.

शहरात एका शाळेत आमची सोय होती. वडील पहिले दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला सांगायला लागले, "कुत्रं हुशार आहे. पोहून गेलं असंल कुठंतरी. कुणीतरी घातलं असंल खायला. आपल्याला काय, ते आपलं जगतंय." दिवसातनं दहा वेळा. मला वाटायचं म्हाताऱ्यानं मनावर घेतलं नाही. रात्री बघितलं तर भिंतीला टेकून जागाच.

आठव्या दिवशी पाणी उतरल्यावर गेलो. गल्लीत पोटरीएवढा चिखल, वास असा की नाकाला रुमाल लावूनसुद्धा कळ जायची. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर. वडील चिखलातनं माझ्या पुढं. जिना चढले. कुत्रं स्लॅबच्या कडेला, जिथनं बोट गेली त्या बाजूला तोंड करून बसलं होतं. भुंकलं नाही, उडी मारली नाही. उठून आलं, वडिलांच्या चिखलाच्या पायांचा वास घेतला आणि पायांवर अंग टाकून दिलं. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पत्र्याखाली बिस्किटाच्या पुड्याचे चार-पाच कागद पडले होते. कुणीतरी बोटीतनं जाता जाता टाकत होतं. कोण होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही. कळलं तर पाया पडीन.

आता धाग्याचा प्रश्न. ते पोरगं म्हणतं, कुत्रं मला विसरलं असणार. त्याचा तसा विश्वास आहे असं मला वाटत नाही. माझे वडील म्हणायचे ना, पोहून गेलं असंल, तसलंच आहे ते. विसरलं असंल असं म्हटलं की रात्र निघते. वाट बघतंय असं म्हटलं तर एक मिनिट बसवत नाही. चूक-बरोबर मला कळत नाही, पण त्याला मी दोष देणार नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | रविवार, संध्याकाळी ६.५८

दादा, नमस्कार घ्या. त्या ऑगस्टात आम्हीही आसपासच्या गावांत होतो. अशा किती स्लॅबवरची जनावरं बघितली, सगळीच अशी वाचली नाहीत.

प्रमेय_आणि_पोहे | रविवार, संध्याकाळी ७.०३

मी माझा 'का?' मागं घेते. उत्तर मिळालं.

राजारामपुरी_नववी_गल्ली | रविवार, संध्याकाळी ७.४४

चिखलीकर, तुमचं वाचल्यावर भाग पुन्हा लावला. एक गोष्ट पहिल्या वेळी नजरेतनं सुटली होती. सीमोर फ्रायच्या आईबापांना ओढत त्या गोठवण्याच्या ठिकाणी आणतो. पोरगं काही हातांवर आहे, आणि दोघांच्या लक्षात येत नाही, ते कुत्र्यालाच ओढत परत नेतात. म्हणजे कुत्र्याला ठाऊक होतं फ्राय कुठं आहे. त्यानं सांगायचा प्रयत्न करून बघितला, कुणी ऐकलं नाही, मग दुकानाच्या दारात जाऊन बसला. हे नुसतं रडवायचं कारस्थान नाही, मी घाईनं बोललो होतो. शब्द मागं.

कटवडा_एक्स्ट्रा | रविवार, रात्री ८.१५

शेवटचं मिनिट आज पहिल्यांदा पूर्ण बघितलं.

जपानी_चहा | रविवार, रात्री ८.३०

पंचगंगाकाठ ताई, लेकीला एक सांगा. २००७ साली ह्यांचा 'बेंडर्स बिग स्कोर' नावाचा लांबलचक चित्रपट आला. त्यात काळात मागं जाऊन फ्रायची दुसरी प्रत २००० सालात राहते, त्याच पिझ्झाच्या दुकानावरच्या खोलीत, आणि २०१२ पर्यंत सीमोर तिच्याबरोबर असतो. म्हणजे तो एकटा नव्हता.

शनिवारपेठी | रविवार, रात्री ८.४२

मला ती दुरुस्ती आवडली नव्हती, जखमेवर घाईनं पट्टी मारल्यासारखी वाटली होती. पण अकरा वर्षांच्या मुलीला दाखवायची असेल तर जरूर दाखवा. तिथं मी वाद घालणार नाही.

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ९.५०

लेकीला चित्रपटाचं सांगितलं. म्हणाली, उद्या बघू. मग चिखलीकरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. बिस्किटाच्या कागदांपाशी तिनं थांबवलं, पुन्हा वाच म्हणाली. दोनदा वाचलं.

फ्राय चुकला असं मी काल लिहिलं होतं. आज तसं लिहिणार नाही. त्याला कळायला हवं होतं एवढं मात्र अजून वाटतं. चिखलीकरांच्या वडिलांना जिना चढायला मिळाला, त्याला मिळाला नाही.

चिखलीकर, लेकीचा एक प्रश्न आहे. कुत्र्याचं नाव काय, आणि आता कुठं असतो?

चिखलीकर | रविवार, रात्री १०.२५

नाव खंड्या. आता म्हातारा झालाय, ऐकू कमी येतं, हाक मारली तर दुसरीकडंच बघतो. वडील दोन वर्षांमागं गेले. दुपारी तो स्लॅबवर जाऊन बसतो, संध्याकाळी आम्ही त्याला उचलून खाली आणतो, जिना उतरताना त्याचे मागचे पाय कापतात.

पोरीला म्हणावं, सुट्टीत ये. बिस्किटं घेऊन ये.